नाम आणि क्रियापद : पांडुरंग खानखोजे

थोर माणसांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. जन्म, शिक्षण, देशसेवा, हद्दपारी, निधन अशी नामांची एक रांग असते आणि परीक्षेपुरती ती पाठही होते. पण त्या नामांच्या मागची क्रियापदे, म्हणजे तो माणूस रोज सकाळी उठून प्रत्यक्ष काय करीत असे, हे आपल्याला सहसा कळत नाही. क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्याविषयी लिहिताना हा व्याकरणाचा मुद्दा मी आधी मांडते, याला कारण आहे. त्यांच्या चरित्राकडे मी इतिहासाच्या वाटेने आले नाही. एका स्पॅनिश शब्दाच्या वाटेने आले.

मी कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातली. शिक्षणासाठी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आत्याकडे राहते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, ज्यांचे दिवस गेले त्यांना गुलमंडी सांगायला नको. पैठण गेटकडून येणारी गर्दी, सिटी चौकाकडून येणारी गर्दी आणि औरंगपुऱ्याकडून येणारी गर्दी यांची रोज गाठ पडते ती इथेच. कापड, भांडी, बांगड्या, सुपारी हनुमानाचे दर्शन, सारे काही मिळते. मिळत नाही ती अभ्यासापुरती शांतता. अशा गलबल्यात गेली दोन वर्षे मी स्पॅनिश शिकते आहे. हेतू अगदी व्यावहारिक आहे. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या परदेशी प्रवाशांत स्पॅनिश बोलणारे असतात आणि ती भाषा येणारे गाईड थोडे. तेव्हा पदवीनंतर पोटापाण्याची काही सोय व्हावी. औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक स्पॅनिश प्रवेशिका हाती लागली, तीच माझी पहिली गुरू.

त्या प्रवेशिकेत शेतीवर एक धडा आहे. त्यात ‘सिएम्ब्रा’ हा शब्द एकदा उपपदासह येतो. ‘ला सिएम्ब्रा’ म्हणजे पेरणी, सरळसरळ नाम. पुढच्याच ओळीत उपपद गळते आणि नुसते ‘सिएम्ब्रा’ उरते. आता त्याचा अर्थ तो पेरतो, किंवा ती पेरते. हाच शब्द जवळच्या माणसाला उद्देशून म्हटला तर तू पेर अशी आज्ञा होते. मूळ धातू ‘सेम्ब्रार’. पण आघात पडला की त्यातला ‘ए’ फुटतो आणि त्याचा ‘इए’ होतो, जसे ओल लागल्यावर दाणा फुटतो. शब्द एक, कामे तीन. कोणते काम चालले आहे हे शेजारच्या शब्दांवरून ओळखायचे.

याचे नवल वाटावे तोच मला आपली मराठी आठवली. तलाठ्याच्या दप्तरात पीकपेरा असतो. यंदा मक्याचा पेरा वाढला असे आपण म्हणतो. तिथे ‘पेरा’ हे नाम आहे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की घरातले वडीलधारे इतरांना पेरा म्हणतात. तिथे ते क्रियापद आहे, आज्ञार्थी. ‘लढा’ या शब्दाचेही तसेच. वर्तमानपत्रात लढा असतो तो नाम, आणि व्यासपीठावरून लढा म्हणून सांगतात ते क्रियापद. स्पॅनिशमध्येही ‘लुचा’ म्हणजे लढा आणि ‘लुचा’ म्हणजे तो लढतो. आपल्याकडच्या लुच्च्याशी या शब्दाचे काही नाते नाही, हे वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे; वर्गात आम्ही यावर पुरेसे हसून घेतले आहे. दोन भाषांत फरक आहे तो एवढाच : मराठी पेरा क्रियापद होतो तेव्हा दुसऱ्याला सांगतो. स्पॅनिश सिएम्ब्रा सांगतो, आणि प्रत्यक्ष पेरणाऱ्याची नोंदही करतो.

हा फरक मला लहान वाटत नाही. आमच्या शेतात मका टोकतात. दादा सरी पाडून पुढे जातात आणि आई ओळीने वाकून दाणे मातीत दाबत जाते. ज्वारीच्या पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरते तीही आईच. सातबाऱ्यावर पिकाचे नाव आहे, क्षेत्र आहे, पेरा आहे. पेरणारी मात्र कोठेच नाही. कॉलेजच्या प्रवेश अर्जात आईच्या व्यवसायापुढे गृहिणी असा शब्द येतो. ती पेरते, हे सांगायला कागदावर जागाच नाही. स्पॅनिशमध्ये तेवढ्यासाठी एक शब्द पुरतो.

असा शब्द ज्याच्या रोजच्या कामातला झाला, असा कोणी मराठी माणूस होऊन गेला असेल का? या शोधात मी खानखोजे यांच्यापाशी पोहोचले. ‘एक होता कार्व्हर’मुळे आपल्याला परिचित असलेल्या वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे, आणि त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. तरीही आमच्या वर्गात मी चौकशी केली तेव्हा हे नाव ओळखणारे थोडेच निघाले. म्हणून हा लेख.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतला, वर्ध्याचा. प्राथमिक शिक्षण तिथेच, पुढचे नागपूरला. काळी, कापसाची जमीन. आणि ती असूनही उपाशी माणसे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला होता. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांना त्या काळाची कल्पना येईल. भूक आणि पारतंत्र्य या दोन गोष्टी शाळकरी पांडुरंगाने एकदमच पाहिल्या. पैकी पारतंत्र्य आधी डोळ्यांत भरले, हे वयाला धरूनच झाले. लोकमान्य टिळक हे त्या पिढीचे दैवत. परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचे या वेडाने पांडुरंग झपाटला, तेव्हा टिळकांनी त्याला जपानकडे बोट दाखवले. रशियाला हरवणारे आशियाई राष्ट्र म्हणून जपानचा तेव्हा मोठा दबदबा होता. १९०६ च्या सुमारास या तरुणाने किनारा सोडला, आणि मग चाळीसहून अधिक वर्षे मायदेशी उघडपणे परतणे त्याच्या नशिबी नव्हते.

जपानहून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तिथे त्यांनी दोन शिक्षणे घेतली. एक शेतीचे आणि दुसरे शस्त्रांचे. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस लष्करी अकादमीत ते कवायत शिकले. आणि १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सरकारी कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. हातात एकाच वेळी बंदूक आणि बियाणे असलेला हा विद्यार्थी त्या वेळी कोणाला विचित्रही वाटला असेल. पण तो काळच तसा होता. त्या किनाऱ्यावरच्या लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत पंजाबी मजूर राबत होते, अपमान सोसत होते. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांची संघटना उभी केली. १ नोव्हेंबर १९१३ ला ‘गदर’ पत्राचा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोत निघाला आणि संघटनेलाही तेच नाव रूढ झाले. खानखोजे या कार्यात पहिल्यापासून होते, आणि त्यांच्याकडचे काम लढाऊ तुकडीचे होते.

त्याच शेतमळ्यांत पंजाब्यांच्या शेजारी दुसरे मजूर होते, ते मेक्सिकोचे. त्यांच्या देशात १९१० पासून क्रांती पेटलेली होती. मोठ्या जमीनदारांनी गिळलेली जमीन परत मागण्यासाठी शेतकरी घोड्यावर बसले होते. या माणसांशी खानखोजे यांची ओळख झाली. लढा म्हणजे राजा बदलणे एवढेच नव्हे, जमीन कोणाची आणि तिच्यात पेरणार कोण हाही लढाच, ही गोष्ट या सोबतीत त्यांच्या मनात रुजली असावी असे मला वाटते. पुढच्या आयुष्याचा ओघ पाहता दुसरा निष्कर्ष काढता येत नाही.

पण अजून त्यांचा पहिला शब्द संपायचा होता. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. इंग्रज अडचणीत आहे, हीच वेळ, असे म्हणून गदरचे शेकडो लोक बोटींनी हिंदुस्थानकडे निघाले. त्यांत तळेगाव ढमढेरे गावचा विष्णू गणेश पिंगळे होता. फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीने फसला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर पिंगळे फासावर गेले. खानखोजे यांनी दुसरी वाट धरली होती. तुर्कस्तानातून इराणमार्गे बलुचिस्तानच्या हद्दीपर्यंत पोहोचायचे आणि वायव्येकडून हिंदुस्थानात शिरायचे, असा बेत होता. वेशांतर करून, फारसी बोलत, टोळीवाल्यांच्या साथीने त्यांनी इराणात इंग्रजी फौजेशी झुंज दिली. ते पकडले गेले आणि निसटले. सैन्य कधी जमले, कधी विखुरले. सरहद्द मात्र ओलांडता आली नाही. युद्ध संपले, इंग्रज जिंकला, आणि बेत जागच्या जागी राहिला.

त्यानंतरची काही वर्षे वाचताना मन उदास होते. बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांचा गट होता, त्यात ते सामील झाले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींबरोबर मदत मागायला मॉस्कोला गेले. तिथे मानवेंद्रनाथ रॉय यांचा गट आधीच होता. हिंदी क्रांतीचा प्रतिनिधी कोण यावरून मतभेद झाले आणि मंडळी रिकाम्या हातांनी परतली. सोळा-सतरा वर्षे देशोदेशी भटकून या माणसाजवळ काय उरले होते? घर नाही, देश नाही, सैन्य नाही. बरोबरीचे काही फासावर गेले, काही अंदमानात, काही आपसांत भांडत बसले. लढा हे नाम जिवंत होते; लढण्याचे क्रियापद मात्र त्यांच्या हातून निसटले होते. अशा ठिकाणी पुष्कळ माणसे संपतात. आठवणींवर जगू लागतात, किंवा कडवट होतात.

खानखोजे यांच्याजवळ दुसरे शिक्षण शिल्लक होते. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. मराठी, हिंदी, इंग्रजी, फारसी एवढ्या भाषांनी घासलेल्या जिभेवर आता स्पॅनिश चढवायची होती, आणि नुसती बाजारहाटापुरती नव्हे, वर्गात उभे राहून शिकवण्याइतकी. मेक्सिको शहरापासून जवळच तेश्कोको भागात चापिंगो नावाची एक मोठी हवेली आणि तिची जमीन होती. मेक्सिकोचा एक माजी अध्यक्ष तिचा मालक होता. क्रांतीनंतर ती सरकारकडे आली आणि १९२४ मध्ये तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय सुरू झाले. त्या विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

हा योगायोग नीट समजून घेण्याजोगा आहे. १९१७ च्या मेक्सिकन राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने मोठ्या जमिनी मोडून गावांना देण्याचा मार्ग मोकळा केला होता. म्हणजे लढा झाला होता, जमीन मिळू लागली होती. पण पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसापाशी चांगले बी नव्हते, अवजार नव्हते, पुस्तकी ज्ञान तर दूरच. जमीन हाती आली की दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे? इथे लुचा संपतो आणि सिएम्ब्रा सुरू होते. ज्या प्रश्नाला हिंदुस्थानात अजून वेळच आली नव्हती, त्याचे उत्तर मेक्सिकोत शोधण्याची संधी या परक्या माणसाला मिळाली.

त्यांचे मुख्य काम मक्यावरचे. आमच्या गुलमंडीवर पावसाळ्यात शेगडीवर कणसे भाजून तिखटमीठ चोळून देतात. त्यातला मका मेक्सिकोचा, मिरची मेक्सिकोची. मीठ आणि लिंबू तेवढे आपले. दसऱ्याला इथे झेंडूचे ढीग लागतात, तो झेंडूही तिकडचाच. दक्षिण मेक्सिकोच्या खोऱ्यांत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसाने तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. तेओसिंतेचे कणीस बोटाएवढे, त्यात पाच-दहा दाणे, आणि तेही दगडासारख्या कवचात. पण गवत मोठे चिवट; एका बुंध्यातून अनेक फांद्या फुटतात. खानखोजे यांनी मका आणि त्याचा हा रानटी पूर्वज यांचा संकर करून पाहिला. मक्याचा भरघोसपणा आणि गवताचा चिवटपणा एका ताटात आणायचा, हा विचार.

हे काम दिसते तितके सोपे नाही. मक्याच्या शेंड्यावर तुरा असतो, तो नर. कणसाच्या टोकाला रेशमासारखे केस असतात, ते मादीचे. एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो, म्हणून ज्या केसावर पराग पडत नाही तो दाणा भरतच नाही. वारा कोणाचा पराग कोठे नेईल याचा नेम नसतो. तेव्हा केस बाहेर पडण्याआधी कणसाला कागदी पिशवी बांधायची, हव्या त्या तुऱ्याचा पराग गोळा करायचा, योग्य दिवशी पिशवी काढून तो केसांवर झटकायचा आणि पुन्हा पिशवी बांधायची. हे झाडागणिक करायचे. मग दाणे तयार होण्याची वाट पाहायची, ते पेरायचे, त्यांतले निवडायचे, पुन्हा पेरायचे. एक प्रयोग म्हणजे एक हंगाम. बाँबच्या कारखान्यात आणि सरहद्दीवरच्या मोहिमेत ज्याने तारुण्य घालवले, त्याने एवढी सबुरी कोठून आणली असेल? की ती त्या मोहिमांनीच शिकवली असेल?

मक्याखेरीज गव्हावरही त्यांनी काम केले. थंडीला आणि अवर्षणाला टिकेल असे वाण त्यांना हवे होते. उंच पठारावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण तीच होती. मराठवाड्याच्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. मेक्सिकोचा शेतकरी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या तोर्तिया थापतो. चुन्यामुळे मक्यातले अडकलेले जीवनसत्त्व मोकळे होते. आपली ज्वारीची भाकरी आणि ही तोर्तिया शेजारी ठेवल्या तर दोघी दूरच्या बहिणी शोभतील. अशा घरी बसून जेवताना खानखोजे यांना वर्धा आठवले नसेल, असे मला मानवत नाही.

पण चापिंगोच्या भिंतीआड नवे बी तयार झाले तरी ते शेतकऱ्याच्या ओटीत पडले पाहिजे. म्हणून त्यांनी शेतकरी संघटनेच्या सहकार्याने मुक्त कृषी शाळा चालवल्या. शुल्क नाही. शाळा गावात, शेतकऱ्याच्या दारी. चापिंगोजवळच्या ओकोपुल्को येथील शाळेला एमिलियानो सापाता यांचे नाव होते. जमिनीसाठी लढलेला हा शेतकरी नेता १० एप्रिल १९१९ ला दगाफटक्याने मारला गेला होता. नाव लढवय्याचे आणि शिक्षण पेरणीचे, यात खानखोजे यांच्या आयुष्याचे दोन्ही शब्द एकत्र आलेले दिसतात. ती शाळा आणि संकरित मक्याची कणसे यांची छायाचित्रे इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती हिने काढली. मक्याच्या नव्या वाणांविषयी त्यांनी स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिली, तिच्यातही तिची छायाचित्रे आहेत. ज्या भाषेची बाराखडी चाळिशीत गिरवली, त्याच भाषेत त्यांनी शास्त्र लिहिले.

चित्रकार दिएगो रिवेरा याने चापिंगोच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती याच वर्षांत रंगवल्या. खानखोजे यांच्याशी त्याचा स्नेह होता. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याचे १९२८ चे एक भित्तिचित्र आहे. विषय आहे रोजची भाकर. मेजाभोवती सामान्य माणसे बसली आहेत, आणि मध्यभागी एक जण भाकर मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा. मी ते चित्र छापील स्वरूपातच पाहिले आहे. वर्ध्याचा एक मुलगा बंदूक शोधत घराबाहेर पडला, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर त्याचे चित्र उरले ते भाकर वाटताना. मला यात पराभव दिसत नाही. लढाई कशासाठी होती, हेच त्या चित्रात आहे.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. मुलींची नावे पाहा. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलींना हाक मारताना बापाच्या तोंडी मायदेशच येत असेल. भारत स्वतंत्र झाला तेव्हा ते मेक्सिकोतच होते. ज्या दिवसासाठी त्यांनी घर सोडले, तो दिवस त्यांच्या हातून उगवला नाही आणि त्यांच्या डोळ्यांदेखतही नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि अखेर कुटुंबासह नागपूरला स्थायिक झाले. एका देशाने ज्याला भिंतीवर रंगवले, त्याला आपल्या देशात पुन्हा आपली ओळख करून द्यावी लागली. २२ जानेवारी १९६७ ला नागपुरात त्यांचे निधन झाले.

इथे प्रवेशिकेतला तिसरा शब्द येतो : ‘कोसेचा’. ‘ला कोसेचा’ म्हणजे सुगी, आणि नुसते ‘कोसेचा’ म्हणजे तो सुगी करतो, पीक काढतो. स्पॅनिशमध्ये लढा, पेरा आणि सुगी हे तिन्ही शब्द नामही आहेत आणि क्रियापदही. मराठीने पहिल्या दोघांना ती मुभा दिली. सुगीला दिली नाही. आपण लढा म्हणू शकतो, पेरा म्हणू शकतो. पण सुगी हा शब्द नामच राहतो. त्याची आज्ञा होत नाही. सुगी यावी लागते. कोरडवाहू मुलखात घडलेल्या भाषेने हे अनुभवातूनच ठरवले असेल, असे मी म्हटले तर भाषाशास्त्राचे प्राध्यापक मला रागावतील; पण आमच्या गावचा कोणी शेतकरी रागावणार नाही.

खानखोजे यांची सुगी कोणती? १९४३ नंतर त्याच चापिंगोच्या परिसरात गहू सुधारण्याचे मोठे काम उभे राहिले. १९४४ मध्ये तिथे नॉर्मन बोरलॉग आले. त्यांच्या चमूने तयार केलेले बुटके, तांबेऱ्याला दाद न देणारे गव्हाचे वाण जगभर गेले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. हे वाण खानखोजे यांचे नव्हते. ते श्रेय बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. पण ज्या मातीत बी सुधारून शेतकऱ्याला द्यायचे हे व्रत एका मराठी माणसाने वीस वर्षे आधी चालवले, त्याच परिसरातून आलेले बी त्याच्या मायदेशाच्या भुकेला उपयोगी पडले, आणि तेही त्याच्या हयातीच्या शेवटच्या वर्षात. ती बातमी नागपुरात वाचताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापली करावी.

२०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा हे नाम आहे. ते असावे, त्याला हार घालावेत. पण आपल्या कॉलेजात निम्म्याहून अधिक मुलेमुली शेतकऱ्यांच्या घरची आहेत, आणि शिकायचे ते शेती सुटावी म्हणून, ही आपल्यातली न बोललेली समजूत आहे. मीही शहरातच पोट भरण्याच्या विचारात आहे, तेव्हा कोणाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मला खानखोजे यांच्याकडून एवढेच घ्यावेसे वाटते की शिकलेल्या माणसाला शेताकडे पाठ फिरवावी लागतेच असे नाही. त्यांनी जगातले उत्तम शिक्षण घेतले आणि ते घेऊन अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याच्या दारात शाळा मांडली. त्याची भाषा आधी स्वतः शिकले, मग त्याला शिकवले. माझ्या आईला कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो हे सांगितले, तर ती का काही कणसे बोचकी राहतात याचे दहा अनुभव सांगते. अशा वेळी शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे ठरवणे कठीण जाते. खानखोजे यांच्या त्या शाळांतही असेच होत असेल.

लढा आणि पेरा यांपैकी कोणता शब्द आपल्या वाट्याला येईल, हे पुष्कळदा काळ ठरवतो. तो शब्द नाम म्हणून मिरवायचा की क्रियापद म्हणून जगायचा, एवढे मात्र आपल्या हाती असते. पांडुरंग खानखोजे यांनी दोन्ही शब्द क्रियापदे म्हणून जगले. सुगी येईल की नाही, याची चौकशी त्यांनी पेरण्याआधी केली नाही.